मिलिटरी डिस्पोजलमधील इंधन-ट्रेलर : मलकापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाने मराठी भाषेला जे शब्द दिले त्यांत ‘रेशन’, ‘ब्लॅक’ आणि ‘कंट्रोल’ या शब्दांची दखल अभ्यासकांनी घेतली आहे. त्यांच्याच बरोबरीने आलेला ‘डिस्पोजल’ हा शब्द मात्र काहीसा उपेक्षित राहिला. मूळ इंग्रजीत तो विल्हेवाटीची क्रिया दर्शवितो. मराठी बोलीत तो एका प्रकारच्या मालाचे नाव झाला. ‘डिस्पोजलचा कोट’, ‘डिस्पोजलची जीप’, ‘डिस्पोजलचा तंबू’ असे म्हटले की, सैन्याने वापरलेली, दणकट, स्वस्त आणि काहीशी अनोळखी वस्तू ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. यांतील कोट अंगात घालता येत असे व तंबू ठोकता येत असे. त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नव्हते. इंधन वाहून नेणारा चाकांवरचा टाकीचा ट्रेलर ही मात्र निराळ्या जातीची वस्तू होती. ती सैन्यात असताना तिच्याबरोबर प्रशिक्षित माणूस, सूचनापुस्तिका, देखभालीचे वेळापत्रक आणि सुट्या भागांचे भांडार असे. लिलावात हातोडा पडला की ग्राहकाला टाकी, आस आणि चाके मिळत. बाकीचे सारे छावणीतच राहत असे. प्रस्तुत निबंधात या मागे राहिलेल्या ज्ञानाचा आणि त्याची किंमत कोणी मोजली याचा विचार केला आहे. मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील रेल्वेस्थानकाचे गाव त्यासाठी संदर्भ म्हणून घेतले आहे, कारण इंधन येथे रुळांवरून उतरते आणि पुढे घाट चढते.

मलकापूर : रूळ, घाट आणि रॉकेलचा डबा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. या मार्गावर वऱ्हाडात शिरताना लागणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या स्थानकांत मलकापूर आहे. नळगंगेच्या काठचे हे गाव त्यापूर्वीही बाजारपेठ म्हणून नावाजलेले होते; परंतु रेल्वेने त्याला एक विशिष्ट भूमिका दिली. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरहून मोताळ्यामार्गे निघालेला रस्ता राजूर घाटाने अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढतो आणि बुलढाण्यास पोहोचतो. कापसाच्या गाठी या रस्त्याने खाली येत आणि रॉकेल, लोखंड, कापड वर जाई. वऱ्हाडचा हा भाग १९०३ पासून मध्यप्रांताच्या प्रशासनाखाली होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. प्रांत बदलले तरी घाट तोच राहिला आणि बैलाच्या खांद्यावरचे वजनही फारसे बदलले नाही.

इंधनाची वाहतूक त्या काळी डब्यांतून होत असे. चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा रॉकेलचा डबा हे वसाहतकालीन भारतातील बहुधा सर्वाधिक पुनर्वापर झालेले भांडे असावे. रिकामा डबा पाणी भरायला, धान्य मोजायला, तुळस लावायला उपयोगी पडे. पत्रा सरळ करून कुडाच्या छपरावर ठोकला जाई. बैलगाडीतून जाणारा डबा फुटला तर नुकसान चार गॅलनचे होई. या मर्यादेतच त्याची सुरक्षितता होती. इंधनाचे मोठे पात्र आणि चाके यांचा संयोग झाला की सोय वाढते, आणि अपघाताचे माप त्याच पटीने वाढते.

महायुद्धाच्या काळात हा सारा व्यवहार आवळला गेला. १९४१ च्या मोटर स्पिरिट रेशनिंग आदेशाने पेट्रोलवर कूपनांचे नियंत्रण आले. मोटारींच्या मागे लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या वायूवर गाडी चालविण्याचा उपाय देशभर रूढ झाला. प्रवाशांनी चढावर उतरून गाडी ढकलण्याच्या आठवणी त्या पिढीच्या बोलण्यात वारंवार येत. घाटरस्त्याचा चढ अशा इंजिनाला किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते. युद्ध संपले तेव्हा मोफसल भागातील मोटार व्यवसायाला गाड्या, टायर आणि इंधन या तिन्हींची भूक होती. त्याच वेळी सैन्याला या तिन्हींचे अजीर्ण झाले होते.

सैन्याची टाकी

युद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश सैन्य उत्तर आफ्रिकेत ज्या पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून पेट्रोल नेत होते, ते डबे वऱ्हाडातल्या रॉकेलच्या डब्यांचेच भाऊबंद होते. वाळवंटातील प्रवासात त्यांच्या सांध्यांतून फार मोठ्या प्रमाणावर पेट्रोल गळून वाया जाई. जर्मन सैन्याचा दाबून घडविलेल्या पत्र्याचा, तीन मुठींचा, २० लिटरचा डबा दोस्त सैन्याने पाहिला, हस्तगत केला आणि त्याची नक्कल केली. ‘जेरी’ हे इंग्रज सैनिकांनी जर्मनांना दिलेले टोपणनाव. त्यावरून तो ‘जेरीकॅन’ झाला. आज मराठीत प्लॅस्टिकच्या कोणत्याही पिंपाला ‘कॅन’ म्हणतात, त्यामागे हा प्रवास आहे.

जेरीकॅनच्या वरची पायरी म्हणजे ट्रेलर. त्यामागची कल्पना साधी होती. इंधनाची टाकी इंजिनाच्या गाडीपासून वेगळी ठेवली, तर गाडी दुसऱ्या कामाला मोकळी होते. टाकी जागेवर उभी राहून पंपाचे काम करते. आणि धोका उद्भवल्यास ती सोडून देता येते. अमेरिकन जीपबरोबर पाव टनी दोन चाकी ट्रेलर येई. त्याची चाके जीपच्याच ६.०० × १६ मापाची असत, म्हणजे एकच जादा चाक दोहोंना चाले. एक टनी वर्गात २५० अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ९४६ लिटरची, टाकी असलेला पाण्याचा ट्रेलर होता. विमानतळांवर यांहून कितीतरी मोठे इंधन-ट्रेलर वापरात होते. सैन्याच्या बोलीत इंधनाच्या फिरत्या टाकीला ‘बाऊझर’ म्हणतात. हे नाव इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे १८८५ साली दुकानदाराला रॉकेलचा मोजपंप विकणाऱ्या सिल्व्हेनस बाऊझरचे आहे. युद्धसामग्रीच्या शब्दकोशात वाण्याच्या दुकानातला पंप असा येऊन बसला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे हीच सामग्री उलट वाटेने दुकानाकडे परतली.

भारत हा ब्रह्मदेश व चीन आघाड्यांचा पुरवठातळ होता. मुंबई बंदरात उतरलेले सैनिक आणि सामग्री रेल्वेने पूर्वेकडे जात, आणि मुंबई-नागपूर-हावडा मार्ग हा त्यातील एक महत्त्वाचा मार्ग होता. आसामपासून पुढे इंधन नळांतून वाहू लागले, तरी नळाच्या टोकापासून विमानापर्यंतचे आणि रणगाड्यापर्यंतचे अंतर पिंपे व टाक्याच कापीत. युद्ध थांबले तेव्हा ही पिंपे आणि टाक्या जागच्या जागी उभ्या होत्या.

विल्हेवाटीची यंत्रणा

युद्धाच्या अखेरीस भारत सरकारने शिल्लक सामग्रीच्या विक्रीसाठी डिस्पोजलचे स्वतंत्र महासंचालनालय उभारले. मे १९४६ मधील भारत-अमेरिका समझोत्याने उसनवार-पट्ट्याचे हिशेब मिटले आणि भारतातील अमेरिकन शिलकी सामग्रीचाही प्रश्न त्यातच निकालात निघाला. पुढे खरेदी आणि विल्हेवाट ही दोन्ही कामे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाच्या एकाच छत्राखाली आली. हे कार्यालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. सरकारसाठी विकत घेणारा आणि सरकारचा माल विकून टाकणारा विभाग एकच असावा, यात प्रशासकीय काटकसर होती. विकताना वस्तूचे ज्ञान ग्राहकाला देणे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

शिलकी मालाचे भवितव्य काय झाले, याची तीन उदाहरणे परस्परांहून इतकी भिन्न आहेत की ती एकत्र पाहिली पाहिजेत. कानपूरच्या तळावर ब्रिटिश हवाई दलाने लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने मोडतोड करून टाकून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारागिरांनी त्यांतून निवडक विमाने पुन्हा उभी केली, आणि ती भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत उडाली. तेथे वस्तूबरोबर ज्ञान नव्हतेच, तरी ते मिळविण्याची क्षमता असलेली संस्था होती. दुसरे उदाहरण १९४८ च्या जीप प्रकरणाचे. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांच्या कार्यालयाने सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांची मागणी नोंदविली. पहिल्या खेपेच्या १५५ गाड्या भारतात पोहोचल्या तेव्हा त्या निकामी ठरल्या आणि प्रकरण संसदेत गाजले. म्हणजे डिस्पोजलचा माल पारखण्यात खुद्द सरकारही फसू शकत होते. तिसरे उदाहरण पश्चिम बंगालमधील पानागढचे. तेथील युद्धकालीन अमेरिकन तळाच्या अवशेषांभोवती जुन्या लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांची बाजारपेठ वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कानपूरला कारखान्याने जे केले ते पानागढला बाजाराने केले. मलकापूरसारख्या गावात यांपैकी काहीच नव्हते. तेथे होता तो गॅरेजचा मेस्त्री.

या मेस्त्रीवर्गाचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे. वऱ्हाडात सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या कारखान्यांमुळे वाफेची इंजिने, पट्टे, बेअरिंगे यांची माहिती असलेला कारागीर एकोणिसाव्या शतकापासूनच होता. पुढे तेलावरची इंजिने आली; १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाल्यावर देशी डिझेल इंजिन विहिरीवर पोहोचू लागले. विहिरीवर इंजिन आले म्हणजे शेतापर्यंत डिझेल नेण्याचा प्रश्न आला. येथे इंधन-ट्रेलरची उपयुक्तता खरी होती. २०० लिटरचे पिंप बैलगाडीत चढवायला चार माणसे लागत, ट्रेलर मात्र तोटी उघडली की काम करी. डिस्पोजलच्या मालाकडे शहाणे शेतकरी आणि वाहतूकदार निव्वळ स्वस्ताईपोटी वळले, हा समज म्हणून अपुरा आहे.

किमतीबाहेरचा खर्च

सैन्याच्या लिलावाची अट एका वाक्यात सांगता येते : माल ‘जसा आहे, जेथे आहे’ तसा विकला जाईल. बोलीदाराने बयाणा भरावा, आधी माल पाहून घ्यावा, ठरलेल्या मुदतीत उचलावा, न उचलल्यास जागाभाडे द्यावे. सरकारी कचेऱ्यांत ज्याला निर्लेखन म्हणतात ते झालेले असल्याने वस्तू कागदावरून गेलेली असते. तिच्या दोषांची जबाबदारीही तिच्याबरोबर जाते. बोलीची रक्कम हा एकूण खर्चाचा केवळ पहिला हप्ता असे.

दुसरा हप्ता नोंदणीचा. मोटार वाहन कायद्याच्या १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. ओढणारी गाडी नोंदलेली आहे, एवढे पुरत नाही. संरक्षण खात्याची वाहने कलम ६० खाली वेगळ्या पद्धतीने नोंदली जातात. त्यांच्या क्रमांकात असणारा वर टोक केलेला बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. वाहन संरक्षणाच्या कामातून मुक्त झाले की त्याला सर्वसाधारण नोंदणीची कलमे लागू होतात, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सैन्यातून आलेल्या वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्याचे नमुना २१ मधील मूळ विक्री-प्रमाणपत्र सादर करावे लागते. वस्तू तीन हात फिरून आलेली असेल आणि हा कागद पहिल्या हातातच राहिला असेल, तर ट्रेलर शेताच्या बांधापलीकडे कायदेशीररीत्या जाऊ शकत नाही. भंगाराच्या वजनाने विकलेला ट्रेलर आणि वाहन म्हणून विकलेला ट्रेलर दिसायला सारखेच असतात. दोहोंतला फरक एका कागदाचा.

तिसरा हप्ता जोडणीचा. सैन्याच्या गाडीला मागे जबड्याचा हूक असतो आणि ट्रेलरला कडी; भारतीय ट्रॅक्टरची जोडणी खिळीची. मेस्त्री कडी कापून पट्टी जोडतो. त्या क्षणी ट्रेलरच्या दांडीची उंची बदलते, दांडी तिरपी होते आणि पुढच्या टोकावर पडणारा भार कमीजास्त होतो. उत्तरकालीन लष्करी वाहनांचे दिवे २४ व्होल्टवर चालतात, ट्रॅक्टरचे १२ वर. परिणामी ट्रेलरचे मागचे दिवे बहुधा कायमचे विझतात. ब्रेकचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. लष्करी ट्रेलरचा ब्रेक ओढणाऱ्या गाडीच्या यंत्रणेशी सांधलेला असतो. ती गाडी बदलली की ब्रेक नावापुरता उरतो. मलकापूरच्या सपाट काळ्या जमिनीत ही उणीव जाणवणार नाही. राजूर घाट उतरताना मात्र भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरला मागून ढकलू लागतो, आणि त्या वेळी चालकाच्या हाती पुढच्या यंत्राचा ब्रेक तेवढा असतो.

कायद्यातील एक बारकावा येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण मापांच्या गोंधळातून कायदा कसा मोडला जाऊ शके, हे त्यातून दिसते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने मूळ स्वरूपात ‘अधोकादायक’ पेट्रोलियम, म्हणजे रॉकेलसारखी तेले, एका ठिकाणी ५०० गॅलनपर्यंत परवान्याविना ठेवण्यास वा नेण्यास मुभा दिली होती. मात्र कोणतेही एक पात्र २०० गॅलनपेक्षा मोठे असता कामा नये. हे गॅलन अर्थातच ब्रिटिश. अमेरिकन ट्रेलरची २५० गॅलनची टाकी ब्रिटिश मापाने सुमारे २०८ गॅलनची भरते. म्हणजे अशी एक टाकी रॉकेलसाठी वापरू पाहणारा माणूस एकूण साठ्याच्या मर्यादेत सहज बसला, तरी पात्राच्या मर्यादेबाहेर केवळ आठ गॅलनने जाई. आणि टाकीवरचा इंग्रजी आकडा वाचून त्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता. १९७० च्या दुरुस्तीनंतर कायदा लिटरमध्ये आला. डिझेल व रॉकेल ज्यात मोडतात त्या ‘ब’ वर्गासाठी एकूण २५०० लिटर आणि एका पात्राला १००० लिटर अशी मर्यादा ठरली, तेव्हा तीच ९४६ लिटरची टाकी आपोआप कायद्यात आली. लोखंड तेच होते. पेट्रोलच्या बाबतीत मात्र कायदा आधीपासून कठोर होता व आहे. ‘अ’ वर्गाची परवान्याविना मर्यादा ३० लिटर आहे. व्यापारी वाहतुकीच्या टाकीची रचना मुख्य स्फोटक नियंत्रकांकडून मान्य करून घ्यावी लागते. हे कार्यालय नागपूरला, म्हणजे मलकापूरहून निघणाऱ्या त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला आहे. देशातील इंधनटाक्यांच्या सुरक्षिततेचा कारभार विदर्भातून चालतो, ही गोष्ट विदर्भातच फारशी ठाऊक नाही.

रिकामी टाकी

डिस्पोजलच्या इंधन-ट्रेलरचा खरा धोका तो भरलेला असताना नसतो, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटणारे विधान आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि हवेत वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या टाकीत हवा कमी आणि वाफ दाट असते. उपसून रिकामी केलेल्या, तळाशी वाटीभर पेट्रोल उरलेल्या टाकीत उन्हाने वाफ तयार होते, हवेत मिसळते आणि स्फोटाला नेमके हवे असलेले मिश्रण सिद्ध होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने झाकण उघडले तरी ती सहजी बाहेर पडत नाही. टाकीच्या तळाशी, पडद्यांच्या मागे, सांध्यांतील गंजाच्या खपल्यांखाली दबून राहते.

आता ही टाकी गॅरेजमध्ये येते. तिचा सांधा गळत असतो, आणि मेस्त्रीकडे वेल्डिंगचे यंत्र असते. सैन्यात अशा टाकीला ज्वाला लावण्यापूर्वी ती धुणे, वाफाळणे आणि आत वायू उरला नसल्याची खात्री करून घेणे सक्तीचे असे. पेट्रोलियम नियमांतही वायुमुक्ततेच्या प्रमाणपत्राविना टाकीवर उष्ण काम करण्यास मनाई आहे. परंतु हा नियम ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक टाकीबरोबर आलेले नसते. जुन्या जाणत्या मेस्त्रींना या धोक्याची माहिती असे. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, फक्त सांध्यापुरती जागा रिकामी ठेवून मग डाक द्यायचा, ही रीत गॅरेजांतून चालत आली आहे. ती पुस्तकातल्या शास्त्राशी जुळते, आणि तरीही ती कोणी लिहून दिलेली नाही. कुठल्यातरी अपघातानंतर कोणीतरी शिकलेला धडा शागिर्दांच्या तोंडी पुढे गेला असावा, असेच मानावे लागते. पुस्तिकेची उणीव भरून निघाली ती अशी, आणि तिची किंमत लिलावाच्या पावतीवर कधीच आली नाही.

मलकापूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. जिनिंगच्या गावात हिवाळाभर उघड्यावर कापसाचे ढीग असतात आणि हवेत तंतू तरंगत असतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा जो भीषण स्फोट झाला, त्या जहाजात स्फोटकांच्या सोबतीला कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपे होती, आणि आग प्रथम धुमसली ती कापसात. त्या गाठी कुठल्याही प्रांतातल्या असोत, कापूस आणि ज्वालाग्राही वस्तू एकमेकांशेजारी ठेवू नयेत, हे ज्ञान कापसाच्या प्रदेशाला तरी नवे नसावे.

तेलाऐवजी पाणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा टाक्यांचा उपयोग बदलत गेला. खेडोपाडी पेट्रोल पंप झाले, विहिरींवर वीज पोहोचली, आणि डिझेल दूर नेण्याची निकड ओसरली. त्याच वेळी पाण्याची निकड वाढली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात पाण्याचा टँकर ही वस्तू रुजविली. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. तेथे विहिरीला पाणी असूनही ते पिण्यास योग्य नसते. त्यामुळे दुष्काळ नसलेल्या वर्षीही गोडे पाणी वाहून आणावे लागे. चाकांवरची कोणतीही टाकी अशा वेळी मोलाची ठरते, आणि तिच्यात पूर्वी काय होते, हा प्रश्न तहानेपुढे मागे पडतो.

तो मागे पडू नये अशी दोन कारणे आहेत. पहिले वजनाचे. १००० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० किलो, डिझेलचे ८३० किलो, पाण्याचे मात्र पुरते १००० किलो. पेट्रोलसाठी बेतलेल्या आसावर पाणी भरले की भार सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग एकदम तुटत नाही, काही महिन्यांनी तुटते. त्यामुळे तुटण्याचे खापर रस्त्यावर फुटते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. युद्धकाळापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात असे, आणि भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत सुरू होऊन १ फेब्रुवारी २००० पासून देशभर झाले. त्याआधीची कित्येक वर्षे पेट्रोल वाहिलेल्या टाकीच्या तळाचा गाळ आणि गंज शिसे धरून ठेवतो. वास गेला म्हणजे टाकी शुद्ध झाली, असा समज अशा टाकीच्या बाबतीत घातक आहे, कारण शिशाला वास नसतो. जनावरांना पाजण्यासाठी, बांधकामासाठी, फवारणीसाठी म्हणून आणलेली टाकी मे महिन्यात माणसांच्या रांगेपुढे उभी राहते, तेव्हा तिचा पूर्वेतिहास विचारणारा कोणी असेलच असे नाही. इतिहास हा विषय व्यवहारात निरुपयोगी आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे व्हावे.

ट्रेलर पुरता मोडला तरी संपत नसे. आस आणि चाके काढून बैलगाडीला लावण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. हवेच्या टायरची ‘डनलॉप गाडी’ जुन्या मोटारींच्या आसांवरच पुष्कळदा उभी राहिली. टाकीचा पत्रा चुलीवरच्या काहिलीपासून हौदापर्यंत कुठेही जाई. रॉकेलच्या डब्याने घालून दिलेला पुनर्वापराचा कित्ता मोठ्या मापात पुन्हा गिरविला गेला.

१९४९ साली भुसावळला आणि १९६४ साली वरणगावला आयुध निर्माणी सुरू झाल्या, तेव्हा सैन्य आणि त्याची सामग्री मलकापूरच्या अगदी शेजारी आली. जबलपूरला १९५८ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. पुढे जोंगा आली. देशातच बनलेल्या या गाड्या यथाकाल निर्लेखित होऊन लिलावात आल्या, त्या वेळी परिस्थिती पहिल्यापेक्षा बरी होती, कारण त्यांचे सुटे भाग आणि त्यांच्यावर काम केलेले निवृत्त जवान हे दोन्ही याच देशात, कित्येकदा याच तालुक्यात होते. पेन्शन घेऊन गावी आलेला ईएमईचा जवान ही मोफसल भागाला मिळालेली डिस्पोजलची सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल. तिची मात्र कोणी बोली लावली नाही.

आता सैन्याच्या शिलकी मालाचे लिलाव बहुतांशी एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात, आणि छायाचित्र पाहून दूरच्या गावातून बोली लावता येते. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने पुण्यात ग्राहकाच्या दारी डिझेल पोहोचविणारी फिरती टाकी सुरू केली. तिच्यात मोजपंप, झाकणे, स्थितिज विजेचा निचरा करणारी जोडणी हे सारे मान्यताप्राप्त असते आणि ती चालविणारा माणूस प्रशिक्षित असतो. सैन्याच्या इंधन-ट्रेलरमागची कल्पना, त्याच्या ज्ञानासकट, नागरी जीवनात अशी सत्तरएक वर्षांनी आली. वऱ्हाडात ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या पाण्याच्या टाक्या आता नव्या पत्र्याच्या, स्थानिक कारखान्यांत घडविलेल्या असतात. गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून इंधनाच्या टाक्यांना जो आडवा लंबगोल आकार दिला जाई, तो त्यांतील पुष्कळांनी उचलला आहे. आतल्या लाटा अडविणारे पडदे बाहेरून दिसत नाहीत. ते बसविले आहेत की नाहीत, हे टाकी विकत घेणाऱ्यालाच विचारून घ्यावे लागते.